फाटलेला एक्सेल बूट: जुन्या मारुतीसाठी कोणता घ्यावा, कोणता नाही

पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि शॉकअ‍ॅबसॉर्बरच्या नळीवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे एका पट्ट्यात उडालेले दिसले, की एक्सेलचा बूट (चाकाला ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटवरचं, आत ग्रीस असलेलं घड्यांचं रबरी आवरण) फाटलाय हे गाडीखाली न शिरताही ओळखता येतं. शाफ्ट फिरताना ग्रीस बाहेर भिरकावलं जातं, म्हणून तो पट्टा एकाच पातळीत उमटतो. गिअरबॉक्सचं सील गळत असेल तर तेल खाली ओघळतं, असा पट्टा पडत नाही. हा फरक लक्षात ठेवा. बूट बदलायला गेलेल्या गाडीचं सील बदललं गेलं आणि सील बदलायला गेलेल्या गाडीचा बूट, असे प्रकार नेहमी होतात.

इथे पारख केली आहे ती जुन्या, लहान, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या बुटांची: मारुती ८००, झेन, जुनी अल्टो, वॅगन आर. सँट्रोलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. ओम्नीवाल्यांनी पुढे वाचायची गरज नाही. तिची ताकद मागच्या चाकांना जाते आणि मागचा एक्सेल सलग नळीत बंद असतो, तिथे हा बूटच नाही.

प्रत्येक शाफ्टला दोन बूट असतात. चाकाकडच्या बुटाच्या आत सहा गोळ्यांचा जॉइंट असतो, तो वळणावर चाकाबरोबर वळतो. गिअरबॉक्सकडच्या बुटाच्या आत तीन रोलरचा ट्रायपॉड असतो, तो मागेपुढे सरकतो आणि थोडाच वाकतो. चाकाकडचा बूट आधी का फाटतो, याचं उत्तर यातच आहे. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की त्याच्या एका बाजूच्या घड्या ताणल्या जातात आणि दुसऱ्या बाजूच्या एकमेकींवर घासतात. रबर म्हातारं झालं की चीर पडते ती घडीच्या तळाशी, वरच्या कडेवर नाही. म्हणून वरवर पाहून ‘बूट चांगला आहे’ म्हणू नये. चाक पूर्ण वळवून, दोन्ही अंगठ्यांनी घडी उघडून तळ बघावा. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या पण ग्रीस अजून आत असेल, तर हीच बदलायची सगळ्यात स्वस्त वेळ.

एकदा फाटला की उशीर परवडत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात लाल मातीचा रेंदा थेट जॉइंटमध्ये जातो. ग्रीस आणि बारीक वाळू एकत्र झाली की त्याचं घासायचं मलमच बनतं. फाटक्या बुटातलं चिमूटभर ग्रीस बोटांत चोळून पाहा. गुळगुळीत लागलं तर जॉइंट वाचला. कचकच लागली तर जॉइंट नीट धुऊन तपासल्याशिवाय नवीन बुटावर एक रुपयाही घालू नका.

आणि आवाज सुरू झाला असेल तर? पूर्ण वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर ‘कट-कट-कट’ असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज येतो, तो चाकाकडच्या जॉइंटचा. सरळ रस्त्यावर जोर लावताना गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते, तो बहुधा आतला ट्रायपॉड. गोळ्यांच्या खाचांत खळगे पडले असतील तर नवीन बूट आणि ताजं ग्रीस टाकून आवाज काही दिवस दबतो, मग परत येतो. धातू झिजलेला असतो, तो ग्रीसने भरून निघत नाही. अशा गाडीला बूट सुचवणारं दुकान स्वस्त नाही, गिऱ्हाइकाला दोनदा मजुरी भरायला लावणारं आहे.

आता बुटांकडे. बाजारात मुख्यतः चार पर्याय मिळतात.

पहिला, मारुतीचं ओरिजिनल किट. पाकिटात बूट, तो आवळायच्या क्लिपा, मोजून भरलेलं ग्रीस आणि बहुतेक वेळा नवीन सर्क्लिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी लॉकची कडी) असते. रबराच्या घड्या सगळीकडे सारख्या जाडीच्या असतात, आणि बुटाच्या तोंडाच्या आतली कडा शाफ्टवरच्या खाचेत नेमकी बसते. बारा-पंधरा वर्षं जुन्या गाडीला कशाला ओरिजिनल, असं दुकानदार हमखास म्हणतो. पण या एका पार्टमध्ये फरक शे-दोनशे रुपयांचा असतो आणि तो फरक परत मजुरी न भरण्यात वसूल होतो. ही गाडी अजून तीन-चार वर्षं चालवायची असेल तर दुसरा विचार करू नका.

दुसरा, लोकल रबर किट. यात चांगलं आणि वाईट दोन्ही आहे, आणि ते डोळ्यांनी ओळखता येतं. बूट हातात घेऊन पूर्ण ताणा आणि उजेडाकडे धरा. घडीच्या तळाशी रबर पातळ होऊन उजेड झिरपताना दिसला तर तिथेच तो फाटणार. मग घड्या उलट्या वाकवून आतून साच्याची शिवण बघा. शिवण उंच आणि खरबरीत असेल तर साचा झिजलेला आहे. वास घेतल्यावर सायकलच्या ट्यूबसारखा उग्र वास येत असेल आणि बोटाला काळं लागत असेल, तर रबरात भेसळ जास्त. चांगलं लोकल किट दोन-तीन पावसाळे काढतं. दोन महिन्यांत घड्या फुटलेला बूटही याच ढिगातला असतो.

कडक, थोडा चमकदार, प्लास्टिकसारखा वाटणारा बूट दिसला तर तो थर्मोप्लास्टिकचा. तो रबरापेक्षा जास्त टिकतो, उन्हाने आणि खड्यांच्या माराने लवकर चिरत नाही. पण त्याला क्लिप तशीच जबरदस्त लागते. कडक बूट मऊ रबरी बुटासाठीच्या क्लिपने आवळला जात नाही, आणि प्लास्टिकच्या केबल टायने तर मुळीच नाही. हा बूट घेतला तर कानवाली स्टीलची क्लिप आणि ती दाबायचा चिमटा असलेलाच मिस्त्री शोधा.

तिसरा, चिरलेला बूट. हा उभा चिरलेलाच येतो. शाफ्ट न काढता तो भोवती गुंडाळतात आणि शिवण चिकटवतात, किंवा बारीक स्क्रूंनी जोडतात. हब नट (चाकाच्या मध्यावर शाफ्टचं टोक धरणारा) सोडवायला नको, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) सोडवायला नको, गिअर ऑइल काढायला नको, तासाभरात काम. म्हणून तो मोहात पाडतो. त्याचं दुखणं शिवणीत आहे. ज्या पृष्ठभागावर गोंद लावायचा तिथे ग्रीसचं एक बोट जरी लागलं तरी शिवण धरत नाही, आणि जॉइंटमध्ये आधी ग्रीस भरल्याशिवाय तर बूट बंदच करता येत नाही. शिवाय गाडीवरच काम केल्याने जुनं, वाळू मिसळलेलं ग्रीस पूर्ण निघत नाही. शिवणीवर ताण सतत येत राहतो आणि ती बहुतेक वेळा लहान तोंडाकडून उघडत जाते. आमचं मत असं: गिअरबॉक्सकडचा बूट फारसा वाकत नाही, तिथे हा बूट एखादा मोसम काढू शकेल. चाकाकडच्या जॉइंटला तो फक्त वाटेत, गाडी गावापर्यंत आणण्यापुरता. घरी पोहोचून तोच ठेवायचा विचार असेल तर नको.

चौथा, ताणून बसवायचा युनिव्हर्सल बूट. हा मुख्यतः ऑनलाइन मिळतो, सोबत प्लास्टिकचा शंकू येतो. शंकूला आणि बुटाच्या आतून साबणाचं पाणी लावायचं आणि बूट पूर्ण जॉइंटवरून ओढून पलीकडे शाफ्टवर न्यायचा. फायदा मोठा आहे. शाफ्ट फक्त हबमधून सोडवावा लागतो, आतला ट्रायपॉड उघडायला नको, गिअर ऑइल काढायला नको. मारुतीत हे विशेष उपयोगाचं, कारण तिच्या चाकाकडचा जॉइंट कंपनीच्या पद्धतीने उघडायचाच नसतो. पण यात निकृष्ट माल खूप आहे. निव्वळ सिलिकॉनचे बूट हाताला मऊ आणि छान लागतात. ते ग्रीसच्या तेलात फुगतात, आणि एकदा खड्याने टोकरलं की चीर धावत जाते. नख रोवून पाहा. ओरखडा पांढरा पडून उघडत असेल तर परत करा. तोंडाला वेगवेगळ्या मापांच्या पायऱ्या असतात आणि आपल्या मापाच्या पायरीवर ते कापावं लागतं, तेव्हा आधी शाफ्टची खाच आणि जॉइंटचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. एक पायरी जास्त कापली तर बूट फुकट.

या चारांशिवाय पाचवा सल्ला हमखास मिळतो: ‘बूट सोडा, पूर्ण एक्सेलच लोकल टाकू.’ जॉइंट वाजत नसेल तर हा सल्ला मानू नका. तुमच्या गाडीतला मूळ शाफ्ट चांगल्या पोलादाचा, नीट उष्णता दिलेला आहे. अनोळखी छापाच्या नवीन एक्सेलमध्ये अनेकदा पहिल्या दिवसापासून स्प्लाइनला (शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांना) खेळ असतो किंवा साठ-सत्तरच्या वेगाला थरथर येते. जॉइंट खराबच असेल तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात मूळ कंपनीचा जुना शाफ्ट शोधणं जास्त शहाणपणाचं. घेताना बूट उघडून खाचा बघू देत असेल तरच घ्या, आणि दोन्ही टोकं धरून पिळून खेळ तपासा. डाव्या आणि उजव्या शाफ्टची लांबी वेगळी असते हे विसरू नका.

खरेदीत लोक रबर बघतात आणि क्लिप-ग्रीसकडे दुर्लक्ष करतात. बूट परत गळायला लागतो तो बहुतेक वेळा याच दोन गोष्टींमुळे. लोकल पाकिटातली पातळ पत्र्याची क्लिप आवळताना कानाशीच तुटते किंवा पूर्ण आवळली जात नाही. पाकीट घेताना क्लिप वाकवून पाहा. ती डब्याच्या पत्र्यासारखी वाकत असेल तर वेगळ्या स्टीलच्या क्लिपा घ्या, काही रुपयांचा प्रश्न आहे. गॅरेजमध्ये तार गुंडाळून पिळण्याची पद्धत अजून आहे. तार एका रेषेत दाबते आणि रबर कापते, ती चालवून घेऊ नका.

ग्रीसचं असं. चाकाकडच्या जॉइंटला मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं ग्रीस लागतं, साधारण ३ टक्के मॉली असलेलं. गोळे खाचांत घसरतात, त्या दाबाला साधं चॅसिस ग्रीस टिकत नाही. आतल्या ट्रायपॉडला कंपन्या अनेकदा वेगळं, फिकट रंगाचं ग्रीस देतात. दोन पाकिटं आली असतील तर अदलाबदल करू नका, आणि जुन्या ग्रीसवर नवीन थापू नका. वेगवेगळ्या बनावटीचे घट्टक मिसळले की ग्रीस पातळ होऊन क्लिपेखालून पाझरतं. लहान गाडीच्या एका जॉइंटला साधारण ६० ते १०० ग्रॅम लागतं. पाकीट पूर्ण वापरायचं: अर्धं गोळ्यांमध्ये दाबून, उरलेलं बुटात. जास्तीचं भरलं तर जागा उरत नाही आणि क्लिपेवर दाब येतो.

काम करून घेताना काय बघायचं, तेही सांगतो, कारण चांगला बूटही वाईट बसवणीत जातो.

हब नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करायचा. नटाची कडा शाफ्टच्या खाचेत ठोकलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची. तसाच ओढला तर शाफ्टचे आटे जातात. मग जॅक, आणि जॅकवर विसंबून न राहता खाली घोडी. गिअर ऑइल काढून घ्यायचं. लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (हब ज्यात बसतो त्या भागातून) सोडवून चाकाचा हब बाहेर ओढला की शाफ्टचं चाकाकडचं टोक सुटतं. आतलं टोक गिअरबॉक्समधून पहारीने हलक्या झटक्याने काढायचं, शाफ्ट धरून ओढायचं नाही. ओढला तर ट्रायपॉड आतल्या आत सुटतो आणि पहारीचं टोक सीलच्या ओठाला लागलं तर दोन दिवसांत तेल गळायला लागतं. सील जुनं असेल तर याच वेळी बदला. त्याची वेगळी मजुरी पडत नाही.

मारुतीत चाकाकडचा साधा बूट बदलायलासुद्धा आतला ट्रायपॉड उघडावा लागतो. चाकाकडचा जॉइंट शाफ्टवरून काढायचा नाही, असं कंपनीचं सांगणं आहे. हातोड्याने ठोकून तो काढणारे मिस्त्री भेटतात. गोळ्यांच्या पिंजऱ्याला तडा गेला तर त्याची किंमत तुमच्या खिशातून जाते. काही युरोपीय गाड्यांत चाकाकडचा जॉइंट ठोकून निघतो, तिथली सवय इथे लावू नये. म्हणजे दोन्ही बुटांच्या वाटेत ट्रायपॉड येतोच. मग एकाच बाजूचे दोन्ही बूट एकदम बदलणं हाच खरा स्वस्त उपाय. दुसरा बूट काही शेकड्यांचा, मजुरी तीच.

ट्रायपॉड काढण्याआधी शाफ्टवर आणि स्पायडरवर (ट्रायपॉडचा रोलर धरणारा तीन हातांचा भाग) खूण करायची, पंचने नाही, रंगाने. सर्क्लिप प्लायरने लॉक काढायचं. धातूचे भाग रॉकेलने धुऊन हवेने कोरडे करायचे. चाकाकडचा जॉइंट न उघडता धुतला तर त्यात रॉकेल साचून राहतं, म्हणून तो वळवून वळवून हवा मारायची. ओला राहिला तर नवीन ग्रीस आठवड्यात पातळ होतं. बुटाला मात्र रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका, कोरड्या फडक्याने पुसा. रबर फुगलं की क्लिप धरत नाही.

स्प्लाइनच्या धारेवर दोन वेढे चिकटपट्टी लावून मगच बूट सरकवायचा, नाहीतर लहान तोंडाच्या आतली कडा कापली जाते. आधी चाकाकडचा बूट, मग आतला, मग स्पायडर खुणेप्रमाणे आणि नवीन सर्क्लिप. बूट ज्या जागी बसतो ती जागा ग्रीसमुक्त असली पाहिजे. तोंड खाचेत बसलं का हे नखाने चाचपायचं. आता एक छोटी गोष्ट, जी घाईत हमखास राहते. दुसरी क्लिप आवळण्याआधी बुटाच्या तोंडात पातळ स्क्रूड्रायव्हर घालून आतली हवा बाहेरच्या हवेइतकी करायची. न केलं तर बूट एकतर फुगलेला राहतो किंवा आत ओढला जाऊन पिळतो, आणि पिळलेली घडी शाफ्टवर घासून काही महिन्यांत फाटते. हा दोष रबराचा नाही, म्हणून किट बदलूनही तो परत येतो. पट्टीची क्लिप असेल तर तिचं दुमडलेलं टोक गाडी पुढे जाताना शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट वळलेलं असावं.

शाफ्ट परत गिअरबॉक्समध्ये घालताना ‘टक्’ आवाज आला पाहिजे. मग जॉइंटचा बाहेरचा भाग हाताने हलकेच ओढून लॉक धरलं का बघायचं. हब नट नवीन घ्या. जुन्या लहान मारुतींमध्ये तो साधारण १७५ न्यूटन-मीटरला, म्हणजे सुमारे १७.५ किलोग्रॅम-मीटरला आवळतात. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. नट सैल असताना गाडी ढकलू नका, चाकाच्या बेअरिंगवर सगळं वजन येतं. मग गिअर ऑइल भरणीच्या भोकाच्या कडेपर्यंत.

खर्च शहरागणिक बदलतो. जुन्या मारुतीसाठी एका बुटाचं चांगलं किट साधारण दोनशे ते पाचशे रुपयांत बसतं, एका बाजूची मजुरी बाहेरच्या गॅरेजमध्ये त्याच्या दीड-दुपटीत. वर नट, सील, गिअर ऑइल. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत निवड जास्त आहे. गाडीचं वर्ष आणि चॅसिस नंबर घेऊन जा. ‘अल्टोचा बूट’ एवढंच सांगितलं तर कोणत्या इंजिनाचा, हे न विचारता पाकीट हातात येतं. शक्य असेल तर जुना फाटका बूट सोबत न्या आणि नवीन त्याच्यावर ठेवून दोन्ही तोंडं आणि लांबी जुळवा.

काम झाल्यावर मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून दोन-दोन फेऱ्या मारा, काच खाली करून. पाचशे किलोमीटरनंतर एकदा चाक वळवून क्लिपांभोवती बोट फिरवा. क्लिपेच्या कडेला ग्रीसची बारीक ओली रेघ लागली तर पैसे दिलेल्या गॅरेजमध्ये त्याच दिवशी जा. या टप्प्यावर नवीन क्लिप एवढंच काम आहे.